दोन रिमोट आणि नानांचा अंगठा

दोघांनी मिळून गोळ्या झाडत पुढे जायचा तो व्हिडिओ गेम खेळण्याच्या लायकीचा आहे की नाही, यावर आमच्या घरात दोन टोकांची मतं होती आणि दोन्ही माझीच होती. पहिलं मत माझ्या बारावीच्या निकालानंतरचं. दुसरं नानांना झटका आल्यानंतरचं. नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याला एसटीत कंडक्टर होते.

पहिलं मत आधी सांगते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. दुरुस्त केलेल्या टीव्हीचं चित्र स्थिर राहतं की नाही ते बघायला चाचांनी एक व्हिडिओ गेम ठेवला होता. गावातल्या गेमच्या दुकानात मुलींनी पाऊल टाकायचं नाही हे कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मग आम्ही दोघी चाचांच्या मागच्या खोलीत 'टीव्ही तपासायला' बसायचो. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, खाचेत दाबायची आणि दोघींनी एकेक रिमोट घ्यायचा. एक निळा शिपाई, एक लाल शिपाई. जंगल, पूल, उंच कडे. समोरून गोळ्या येतात, आपण उडी मारून चुकवायच्या आणि उलट झाडायच्या. प्रत्येकाला मोजकेच जीव. आम्ही इतके टीव्ही तपासले की चाचांच्या गिऱ्हाइकांनी आमचे आभार मानायला हवे होते.

मग बारावीचा निकाल लागला आणि डी.एड.ची जागा थोडक्यात हुकली. मी तापट आहे, तेव्हा तर फारच होते. अभ्यास मी केला नव्हता, पण राग कुणावर तरी काढायला हवा, तो मी त्या दोन शिपायांवर काढला. वेळ खाणारा, डोकं नासवणारा, दळभद्री खेळ. मैत्रीण लग्न होऊन मालेगावला गेली आणि मी त्या दुकानाच्या पायरीवर पुन्हा चढले नाही. मी बाहेरून बी.ए. करू लागले, घरी मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले, आणि त्या मुलांनी गेमचं नाव काढलं की त्यांना झापायचे.

दीड वर्षानं नानांना झटका आला. सकाळी ड्युटीला निघताना शर्टाचं बटण लावता लावता हात खाली पडला तो पडलाच. उजवी बाजू गेली. सिव्हिलमध्ये तीन आठवडे काढले. जीभ लवकर वळायला लागली. पायही सुटला, म्हणजे ओढत का होईना, नाना घरात फिरू लागले. हात राहिला. हातातही अंगठा राहिला.

ज्यांनी जुनी एसटी पाहिली आहे त्यांना कळेल कंडक्टरचा अंगठा म्हणजे काय. डाव्या हातात तिकिटांचा ट्रे, उजव्या हातात लोखंडी पंच. तिकीट फाडायचं आणि जिथून जिथवर जायचं तिथं भोक पाडायचं. दिवसाला शेकडो भोकं. तो पंच दाबला गेला नाही तर कंडक्टर नुसता खाकी कपडे घातलेला माणूस. नानांची नोकरी अजून चार वर्षं होती. रजा संपत आली की जळगावला तपासणी होणार होती, आणि तिथं नापास झाले की नोकरी जाणार, हे नानांना, आईला आणि मला पक्कं ठाऊक होतं. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, अंगठ्याला काम द्या. मी रबरी चेंडू आणला. नानांनी तो दोनदा दाबल्यासारखा केला आणि खाटेखाली टाकला. "मी काय धाकलं पोरगं शे का?" लहान पोर आहे का मी, म्हणजे. आईनं कणीक मळायला परात पुढे ठेवली, तर दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी मी पंचच आणून हातात दिला. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवर धरला, ओठ चावत जोर लावला. काही झालं नाही. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. मग डाव्या हातानं पंच उचलला, ट्रंकेत टाकला आणि ट्रंक खाटेखाली सारली. मला म्हणाले, "परत काढलास तर याद राख." मी पुरती खचले होते. आणि खचले की मला रागच येतो, तसा तो आला. म्हटलं, नोकरी जाऊ देणार नाही म्हणजे नाही.

त्याच आठवड्यात आईनं रेडिओ दुरुस्तीला पाठवला, म्हणून नाइलाजानं चाचांच्या दुकानात गेले. चाचा सोल्डरिंग करत होते. बाजूला तो गेम धूळ खात पडला होता. सवयीनं मी एक रिमोट उचलला आणि उजव्या अंगठ्यानं बटण दाबलं. गोळी झाडायचं बटण. ते इतकं हलकं गेलं की मी दाबतच राहिले. पंचाला जोर लागतो, चेंडूला जोर लागतो, याला जवळजवळ लागतच नाही. आणि इथं नुसतं दाबायचं नाही, वेळेवर दाबायचं. मी चाचांना विचारलं, "चाचा, हा गेम काही महिने आमच्याकडे ठेवू का?" चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू? तू तो उसकी दुश्मन हो गई थी." मी नानांचं सांगितलं. चाचांनी तिथल्या तिथं कॅसेट, वायरी, दोन्ही रिमोट पिशवीत भरले.

नानांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मीही सांगितलं नाही की हे तुमच्यासाठी आहे. दुपारी दोनला, जेवणं झाली की, त्यांच्या खाटेसमोर टीव्ही लावायचे आणि मुद्दाम दोघांचा खेळ सुरू करायचे. निळा शिपाई माझा. लाल शिपाई नुसता उभा. या खेळात एक गंमत अशी की एक जण मागे राहिला तर चित्र पुढे सरकत नाही. निळा कडेपर्यंत जाऊन अडकायचा, तोवर लालला कुणीतरी गोळी घालायचं. लाल परत उगवायचा, परत मरायचा. मी शांतपणे हे चालू दिलं. नाना भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

आठव्या का नवव्या दिवशी आवाज आला, "त्याले मांगे काबर सोडस?" त्याला मागे का सोडतेस, म्हणजे. तीस वर्षं ज्यांनी फाट्यावरून धावत येणाऱ्या माणसासाठी गाडी थांबवली होती, त्यांना तो लाल शिपाई बघवेना. मी म्हटलं, "त्याला चालवायला माणूस नाही. माझे दोनच हात." नाना उठून बसले. दुसरा रिमोट मांडीवर घेतला, उजवा अंगठा डाव्या हातानं उचलून बटणावर ठेवला. मी टीव्हीवरची नजर हलवली नाही. हलवली असती तर रडले असते आणि त्यांनी रिमोट ठेवून दिला असता.

त्यांच्यासारखा वाईट खेळाडू मी जन्मात पाहिला नाही. गोळ्या सुटायच्याच नाहीत. सुटल्या तर आभाळात. शिवाय प्रश्न. "ही माणसं कोण? आपण त्यांना काबर मारतो?" मी म्हणायचे, नाना, ते आपल्याला मारतात. "आपण त्यांच्या गावात गेलो ना पण." मग, शेवटचा स्टॉप कोणता? वाटेत किती स्टॉप? मी माहीत होते तेवढे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि प्रत्येक टप्प्याला आमच्या भागातल्या फाट्यांची नावं देऊन टाकली. रस्ता कळल्यावर त्यांचं चित्त लागलं.

कड्याचा टप्पा सगळ्यात अवघड. तिथं वर वर चढायचं असतं आणि वरचा शिपाई घाईनं वर गेला की खालचा चित्राबाहेर पडून मरतो. वरच्यानं थांबायलाच हवं. नानांनी यावर कंडक्टरकीचा तोडगा काढला. ते खालच्या दगडावर पाय टेकवून तयार झाले की तोंडानं दोनदा 'टिंग' करायचे, मग मी उडी मारायची. एकदाच 'टिंग' केलं की थांबायचं. एसटीतही हेच, एक घंटी थांब, दोन घंट्या चल. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, दोघांना वेड लागलंय. पण आता दुपारचं जेवण ती दोनच्या आत उरकून घ्यायची.

महिन्यात अंगठा बटणावर आपोआप जाऊ लागला. मी चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "बटन हलका है, पंच भारी है." रिमोट उघडला, बटणाखालच्या रबराजवळ सायकलच्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा कापून बसवला. बटण किंचित जड झालं. पंधरा दिवसांनी आणखी एक. नाना कुरकुरायचे, हे बटण जड जातंय. मी चाचांनी शिकवून ठेवलेलं वाक्य ऐकवायचे, दमट हवेनं रबर फुगतं. नानांनी एवढं खोटं कसं मान्य केलं कुणास ठाऊक. मला वाटतं त्यांना कळत होतं. तीन महिन्यांत चाचांनी त्या रिमोटमध्ये इतकी ट्यूब कोंबली की मला तो दाबताना अंगठा दुखायचा.

सगळं असं गोडीगुलाबीनं झालं नाही. एका दुपारी मी कावले होते. शिकवणीतल्या एका मुलाची आई काहीतरी बोलून गेली होती, त्याचा राग डोक्यात. कड्यावर नाना 'टिंग' म्हणाले, एकदाच. मी थांबले नाही, उडी मारून वर गेले. त्यांचा लाल शिपाई खाली पडून मेला. शेवटचा जीव होता. नानांनी रिमोट फेकला. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "मग बसा आयुष्यभर घरात. आई दुसऱ्यांची धुणी करेल, मी शिकवण्या घेईन, तुम्ही भिंत बघा." हे मी माझ्या बापाला बोलले. आजही आठवलं की जीव कानकोंडा होतो. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी भीत भीत खोलीत आले तर टीव्ही लावलेला, कॅसेट बसवलेली, आणि नाना दोन्ही रिमोट घेऊन बसलेले. निळ्याचा माझ्याकडे सरकवला. मी माफी मागितली नाही. कशी मागायची तेच कळलं नाही. त्या दिवशी मात्र मी प्रत्येक दगडावर त्यांची वाट पाहिली.

खेळात एक सोय होती. आपले जीव संपले तर जोडीदाराकडचा एक उसना घेता येतो. नानांना हे कळल्यावर त्यांनी ते कधीच केलं नाही. माझे संपले की मात्र म्हणायचे, "घे, मना घे." माझा घे. आम्ही एकदाही शेवटच्या स्टॉपपर्यंत पोहोचलो नाही, हेही सांगून टाकते.

चौथ्या महिन्यात एका दुपारी मी शिकवणी सोडून आत आले तर नानांनी ट्रंक बाहेर काढली होती. पंच हातात होता. वर्तमानपत्राच्या कडेला भोक. त्याच्या शेजारी दुसरं. नाना सावकाश, न थांबता कडेनं भोकं पाडत चालले होते आणि आई दाराला टेकून पदरानं डोळे पुसत होती. मी तो कागद अजून जपून ठेवला आहे. आणि माझं दुसरं मत त्याच दिवशी पक्कं झालं की हा खेळ खेळण्यासारखा आहे, आणि याविरुद्ध बोलणाऱ्याशी मी भांडेन.

तपासणीला जळगावला आम्ही दोघं गेलो. नाना इस्त्रीच्या खाकीत. मी पंच पुसून रुमालात गुंडाळून घेतला होता. तपासणारे साहेब वयस्कर, बोलायला नरम. त्यांनी जुन्या तिकिटांची गड्डी पुढे ठेवली आणि पाडा म्हणाले. नानांनी पाडली. वीस झाली, साहेब थांबा म्हणाले तरी नाना आणखी दोन पाडून थांबले. साहेब खूश झाले. "हात छान केलात हो. चला आता, गाडीत."

आवारात एक रिकामी गाडी उभी होती. साहेबांनी ड्रायव्हरला सांगितलं, आवारातच दोन चकरा मारा. नानांना म्हणाले, "मागून पुढे तिकिटं देत या. मला द्या, यांना द्या." मी तिसऱ्या सीटवर बसले. गाडी सुटली. नाना ट्रे घेऊन मागून निघाले. पहिलं वळण आलं. गाडी काही जोरात नव्हती. नानांचा उजवा पाय दुमडला, आणि ते दोन सीटांच्या मधल्या जागेत आडवे झाले. तिकिटं सगळीकडे. साहेबांनी स्वतः खाली वाकून त्यांना उठवलं.

मी ज्या जागी बसले होते तिथंच थिजले. चार महिने आम्ही खाटेवर बसून खेळलो होतो. बसून. चार महिने अंगठा, अंगठा, अंगठा. मी, आई, चाचा, आम्हां तिघांच्याही डोक्यात एकदाही आलं नाही की कंडक्टर पंच दाबतो तो धावत्या गाडीत उभा राहून दाबतो. ज्यांनी तीस वर्षं असं उभं राहून काढली त्या नानांच्याही नाही. दुपारी दोन ते तीन त्यांना चालवलं असतं, दारातल्या पायरीवर चढउतार करायला लावलं असतं तर? त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, तो खेळ नेऊन चुलीत घाला.

साहेब म्हणाले, "हात पास आहे. पाय नाही. दोन महिन्यांनी एकदा शेवटचं बघू. त्यानंतर माझ्याही हातात नाही." नानांनी मान हलवली आणि वाकून तिकिटं गोळा करायला लागले. साहेब राहू द्या म्हणाले तरी शेवटचं तिकीट उचलूनच उतरले.

परतीची धुळ्याची गाडी निम्मी रिकामी होती. मी खिडकीची जागा पकडली, नानांसाठी शेजारी पिशवी ठेवली. नाना आले आणि सीटचा दांडा धरून उभे राहिले. मी म्हटलं, बसा. ऐकलं नाही. गाडी स्टँडच्या बाहेर वळली तेव्हा पहिल्यांदा झोक गेला, पुढच्या सीटवर आदळले. कंडक्टर ओळखीचा होता, धावत आला. "नाना, बसा हो. सगळी गाडी मोकळी आहे." नाना म्हणाले, "बसेन धुळ्याला."

एरंडोलच्या अलीकडे दुसऱ्यांदा पडले. गुडघ्याला खरचटलं, पँट फाटली. मला आता राग, लाज आणि भीती यांतलं काय होतंय ते कळेना. माझा आवाज चढला. "नाना, नाटक पुरे. आज काय एका दिवसात पाय येणार आहे का? लोक बघतायत." खरोखर सगळी गाडी बघत होती. नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "तू बठ. मी उभा शे." आणि दांडा सोडून हात रिकामा करून पाहिला, परत धरला, परत सोडला.

मग मी उठले. त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. हात लावला नाही, फक्त पडले तर धरता येईल एवढ्या अंतरावर. पारोळ्याला गाडीत माणसं चढली, बसायला जागा राहिली नाही. त्यानंतर आम्ही दोघं उभे आहोत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. धुळ्याला उतरताना नानांचा पाय इतका थरथरत होता की मला दोन्ही हातांनी त्यांना खाली घ्यावं लागलं. खाली उतरल्यावर ते म्हणाले, "उद्या सकाळची अमळनेर धरू."

धरली. दोन महिने रोज अमळनेरला जायचं, स्टँडवर चहा घ्यायचा आणि त्याच गाडीनं परत. जाताना उभं, येताना उभं. पहिल्या आठवड्यात दांडा धरून, मग एका हातानं, मग हातात रिकामा ट्रे घेऊन. खड्डा कुठं आहे ते नानांना पाठ होतं, तरी ते खड्ड्यालाच दांडा सोडायचे. मी रोज मागे उभी. माझ्या शिकवण्यांची मुलं निम्मी गळाली, बी.ए.चं दुसरं वर्ष राहिलं. कुणी विचारलं तर सांगायचे, नानांबरोबर ड्युटीवर आहे. टीव्हीवरचा गेम मी चाचांना परत दिला. रबराचे तुकडे काढू नका, असं मी म्हणाले तर चाचा हसले.

दुसऱ्या तपासणीला साहेबांनी ड्रायव्हरला मध्येच ब्रेक मारायला सांगून ठेवलं होतं. ब्रेक बसला. साहेब स्वतः पुढे झुकले. नाना जागेवर होते, आणि त्यांनी त्याच झटक्यात साहेबांच्या तिकिटाला भोक पाडलं. साहेबांनी खाली उतरून तिथंच बॉनेटवर कागद ठेवला आणि सही केली. नानांनी कागद वाचला, घडी केली, वरच्या खिशात ठेवला.

परतीच्या गाडीत मी सवयीनं उभी राहिले. नाना माझ्या बाजूनं पुढे सरकले आणि खिडकीशी बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी त्यांच्या शेजारी बसले. गाडी जळगावच्या बाहेर पडायच्या आत त्यांना झोप लागली. मान हळूहळू माझ्याकडे कलली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, कंडक्टर तिकिटाला आला तर मी त्याला हातानंच थांबवलं. खांदा बधिर झाला होता. धुळं येईपर्यंत मी हलले नाही.